‘थांब’ असं ती म्हणाली नाही

शेल्बीची मोटार जागची हलेना.

किराणा दुकानामागच्या आवारात सकाळपासून बर्फ साचत होता, आणि नेब्रास्काचा वारा तो उचलून उचलून पुन्हा तोंडावर मारत होता. चाकं गरागरा फिरत होती. मोटार मात्र हट्टी म्हशीसारखी बसून होती. तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली. आरशात एक भलामोठा लाल स्वेटर दिसला. फक्त स्वेटरच. डोकं आरशाच्या वर कुठेतरी असावं.

“मी ढकलतो. तू गिअरमध्ये टाक.”

मोटार थोडी पुढे सरकली, तिरकी झाली आणि थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. मग तो माणूस धापा टाकत खिडकीपाशी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “एक विचारू का? तुझा पाय ब्रेकवर आहे का?”

“...घसरेल म्हणून भीती वाटते.”

“घसरायलाच तर हवीय ना!”

तिने पाय काढला. मोटार उसळून बाहेर पडली, आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल-बर्फ त्याच्या अंगावर गेला. शेल्बी ओशाळून खाली उतरली. तो भुवयांवरचा चिखल पुसत होता. एवढ्या थंडीत त्याने चक्क हाफपँट घातली होती.

“तू फुटबॉल खेळतोस,” ती म्हणाली.

“कशावरून ओळखलंस?”

“मानेवरून. म्हणजे — ती नाहीच आहे, त्यावरून.”

तो खो खो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटून जायचे. “एफ्राईन,” त्याने हात पुढे केला. “टेक्ससच्या अगदी खालच्या टोकाचा. आमच्याकडे बर्फ फक्त सरबतात असतो.”

“शेल्बी,” ती म्हणाली. आडनाव मात्र तिने गिळलं. वेल्डन हे लहान गाव, वेल्डन स्टेट हे लहान कॉलेज, आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात चेंडूवाल्याला राखायला पुढच्या फळीत उभ्या राहणाऱ्या त्या धिप्पाड पोरांना धडे देणारा कोच म्हणजे डेल क्राउडर. तिचे वडील. आडनाव सांगितलं की मुलं एकदम शहाण्यासारखी वागू लागतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

शिवाय तिने एक ठरवून ठेवलं होतं. फुटबॉलवाल्याच्या प्रेमात पडायचं नाही. लहानपणापासून डॅडची नोकरी बदलली की घर बदलायचं, शाळा बदलायची, मैत्रिणी बदलायच्या. सात शाळा झाल्या. पाचवं घर आवरताना आईने खोक्यांवर आपलं नाव वेगळं लिहिलं आणि ती कोलोरॅडोला राहायला गेली, ती तिथेच राहिली.

ठरवलं होतं, ते खरं. पण दुसऱ्याच आठवड्यात तो तिच्या काचघरात येऊन उभा राहिला.

शेल्बी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि दुपारी तिथलं काचघर सांभाळत होती. बाहेर सगळं पांढरंफटक, आत ओली ऊब, मातीचा वास, पानांवरून टपटपणारे थेंब. एफ्राईन दारातून तिरका होऊन आत आला, डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, “संत्र्याचं झाड आहे इथे.”

“शेवटच्या रांगेत. तुला काय हवंय?”

“काही नाही. माझी आई संत्र्यांच्या वखारीत काम करते. घरी आली की तिच्या हातांना हाच वास...” तो थांबला. “बसू का थोडा वेळ? काही मोडणार नाही.”

तो बसला आणि बाकडं करकरलं.

“बाकड्याचं काय?” तिने विचारलं.

“बाकड्याची हमी देत नाही.”

मग तो रोज दुपारी येऊ लागला. हंगाम संपला होता, सराव नव्हता. ती रोपं बदलायची, तो मातीची पोती अशी उचलून द्यायचा की जणू उशाच. बोलता बोलता तिच्या गालाला माती लागली की तो स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवायचा — इथे नाही, इथे... आणि ती मुद्दाम दुसरीकडेच पुसायची. त्याचं बोट पुढे यायचं, अर्ध्या वाटेत थांबायचं आणि परत जायचं. त्या थांबण्याचंच तिला हसू यायचं, आणि तो गेल्यावर त्याचीच आठवण यायची.

डिसेंबरात संघाचं जेवण झालं. कोच क्राउडर मुलीला घेऊन दारात आले, तेव्हा एफ्राईन मक्याचं अख्खं कणीस तोंडात धरून उभा होता. ते तसंच राहिलं.

“ही माझी मुलगी, शेल्बी,” कोच म्हणाले. “साल्दिवार, आधी गीळ. मग बोल.”

थोड्या वेळाने त्याने तिला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. “तू मला सांगितलं नाहीस!”

“तू विचारलं नाहीस.”

“कोचच्या मुलीला मी ‘तुझे हात सुंदर आहेत’ असं म्हणालोय. मला आता मैदानाला शंभर फेऱ्या मारायला लावतील ते.”

“त्यांना कोण सांगणार?” तिने कपात साखर ढवळली. साखर तिने टाकलीच नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. “आणि ‘सुंदर’ नाही म्हणालास. ‘बरे आहेत’ म्हणालास.”

“मनात सुंदर म्हणालो होतो.”

नाताळच्या सुट्टीआधी शेवटच्या दुपारी तो काचघरात आला तो गप्पच होता. तिने पाण्याची नळी बंद केली. “बोल.”

“टेक्ससमधल्या एका मोठ्या संघाला मी हवाय,” तो म्हणाला. “सरळ विचारता येत नाही, म्हणून त्यांनी माझ्या शाळेच्या जुन्या कोचकडून निरोप धाडला. जानेवारीत पोर्टल उघडेल, तेव्हा नाव टाक म्हणाले.”

पोर्टल म्हणजे काय, हे शेल्बीला कोणी सांगायला नको होतं. जानेवारीच्या सुरुवातीला दोन आठवडे ते उघडतं. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी त्यात नाव द्यायचं, की बाकीच्या कॉलेजांना त्यांना उघडपणे बोलावता येतं. पण नाव दिलं की इथली जागा गेली असंच धरून चालायचं. तिकडूनही ऐन वेळी कोणी पाठ फिरवली, तर वर्षभर घरी बसायचं. दरवर्षी अशी घरी बसलेली मुलं तिने पाहिली होती.

“तुला जायचंय?”

“आईने मला इथे एकदाही खेळताना पाहिलं नाही. मोटारीने दोन दिवस लागतात, आणि वखारीत हंगामाची सुट्टी मिळत नाही. तिथून घर चार तासांवर आहे. शनिवारी सामना बघून ती रविवारी परत कामावर जाऊ शकेल.” त्याने हातातलं पान उलटसुलट केलं. “पण तुझे वडील आमच्या घरी आले होते, शेल्बी. मला कुठलंच मोठं कॉलेज विचारत नव्हतं तेव्हा. आईच्या हातचं तीन ताटं जेवले आणि म्हणाले, चार वर्षं मी याला मुलासारखा सांभाळेन. त्यांनी तो शब्द पाळलाय. त्यांना काय तोंड दाखवू?”

तिने पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. त्याने वर पाहिलं. “त्यांना सांगू नकोस. मला काय ते ठरवू दे.”

“नाही सांगणार.”

“आणि तुला...” तो अडखळला. “तुला काय वाटतं?”

तिला वाटत होतं ते तिने सांगितलं नाही. “सुट्टीत नीट जेव,” ती म्हणाली. “वाळून चाललायस.”

तो हसला खरा, पण या वेळी त्याचे डोळे मिटले नाहीत.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी डॅडने पॅनकेक केले. डॅड पॅनकेक करतो तेव्हा काहीतरी सांगायचं असतं, हे शेल्बीला सातव्या वर्षापासून माहीत होतं.

“कुठे?” तिने काटा हातात घेत विचारलं.

“साउथ कॅरोलायना. मोठा संघ आहे, शेल. माझ्या वयाला अशी संधी पुन्हा येत नाही.” त्याने तिच्या ताटात आणखी एक पॅनकेक वाढला. “पोर्टल बंद होईपर्यंत कुणाला कळायचं नाही. इथल्या मुख्य कोचला मी तसा शब्द दिलाय. नाहीतर माझी सगळी पोरं भराभरा नावं देतील आणि इथे फळीच उरायची नाही. तुझंही बघू. तिथल्या कॉलेजात तुझी बदली सहज होईल.”

शेल्बीने काटा खाली ठेवला. एकाने सांगितलं, त्यांना सांगू नकोस. आता दुसरा सांगतोय, कुणाला सांगू नकोस. आणि दोघंही तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते...

चार दिवसांनी एफ्राईन परतला. काचघराचं दार त्याने पायाने लोटलं. दोन्ही हातांत मोठा डबा होता. “आईने तमाले दिलेत. खास तुला. मक्याच्या पानात गुंडाळलेले आहेत. पान खायचं नाही, आधीच सांगतो. आमचा क्वार्टरबॅक, तो चेंडू फेकणारा, गेल्या वर्षी पानासकट खाऊन मोकळा झाला.”

ती हसली. तमाले अजून कोमट होते. त्याने तापवून आणले असणार. त्याचा चेहरा कसा हलका झाला होता.

“मी थांबतोय,” तो म्हणाला.

तिचा हात डब्यावरच राहिला.

“आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती नाचेल. ती म्हणाली, त्या माणसाने शब्द पाळला, आता तूही पाळ. मी टीव्हीवर बघेन तुला.” त्याने मान खाली घातली, कान लाल झाले होते. “आणि थांबायला आणखी एक कारण आहे. तिच्या गालाला आत्ताही माती लागलीय.”

हेच तर ऐकायचं होतं तिला! नाताळभर हेच ती मनाशी घोळवत होती. आणि आता ते समोर आलं, तेव्हा तिने नुसता डबा मांडीवर ओढून घेतला. ज्या माणसासाठी तो थांबत होता, त्या माणसाची खोकी घरी गॅरेजमध्ये येऊन पडली होती.

“माझ्यासाठी थांबू नकोस,” ती म्हणाली. “डॅडसाठीही नको.”

“म्हणजे?”

“म्हणजे... अजून दहा दिवस आहेत. पुन्हा विचार कर.”

“मी जावं असं वाटतं तुला?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग ‘थांब’ असं तरी म्हण.”

ती गप्प राहिली. सांगण्यासारखं सगळं दुसऱ्याचं होतं. तिचं स्वतःचं होतं तेवढं सांगून चालणार नव्हतं. एफ्राईनने थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वेटरची चेन वर ओढली, दारातून तिरका झाला आणि निघून गेला. तमाल्यांचा डबा तिच्या मांडीवर हळूहळू गार झाला.

दुसऱ्या दिवशी डॅड अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला करत होता. शेल्बी दुसरं फावडं घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

“साल्दिवार जाणार होता,” ती म्हणाली. “टेक्ससला, त्याच्या आईच्या जवळ. आता थांबतोय. कारण तू त्याच्या आईला शब्द दिला होतास.”

डॅडचं फावडं थांबलं. “तुला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. आणि मी कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं. ते आत्ता मोडलं.” तिने फावडंभर बर्फ बाजूला टाकला. “तुझी गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. ती तूच सांग.”

“शेल, मी मुख्य कोचला शब्द दिलाय.”

“तू किती जणांना शब्द दिलायस, डॅड?”

त्याने फावड्याला चिकटलेला बर्फ झटकला. रस्त्यावरून बर्फ हटवणारा ट्रक घरघरत गेला. शेजारच्यांनी हात हलवला, डॅडनेही हलवला.

“प्रत्येक घर सोडताना तू मला आधी सांगायचास,” शेल्बी म्हणाली. “विचारलं कधीच नाहीस, पण सांगायचास. निदान तेवढं तरी त्याला मिळू दे.”

डॅडने फावडं बर्फात रोवलं आणि हातमोजे काढले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा तो माणूस एकाएकी थकलेला दिसला. “आधी मुख्य कोचकडे जातो,” अखेर तो म्हणाला. “सांगतो की मी गप्प बसणार नाही. मग त्या पोराला जेवायला बोलावतो.”

मुख्य कोच भडकले, आणि कोच क्राउडरना त्याच दिवशी कचेरीची किल्ली परत करावी लागली. त्याविषयी ते घरी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी राजमा-खिम्याची चिली शिजायला घातली, दालचिनीचे रोल आणले — वेल्डनमध्ये हे दोन्ही एकत्रच खातात — आणि एफ्राईनला फोन केला.

टेबलापाशी बसून त्यांनी त्याला सगळं सरळ सांगितलं. लपवाछपवी नाही, सारवासारव नाही. एफ्राईनचा चमचा वाडग्यातच राहिला. चार माणसांचं जेवणारा तो मुलगा त्या दिवशी एक घासही जेवला नाही.

“तुम्ही माझ्या आईला म्हणाला होतात, कोच...”

“म्हणालो होतो. आणि तिला फोनही मीच करणार. तू नाही.” त्यांनी घसा साफ केला. “तिकडे माझ्याबरोबर यायचं असेल, तर मी शब्द टाकू शकतो.”

“नको, कोच,” एफ्राईन म्हणाला. उद्धटपणे नाही, पण लगेच.

शेल्बी त्याच्यामागोमाग अंगणात आली. ऊन पडलं होतं, बर्फ डोळ्यांत खुपत होता.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“एक तारखेपासून.”

“मी तमाले घेऊन आलो तेव्हाही. मी बावळटासारखा कारणं सांगत होतो तेव्हाही!”

“हो.”

“माझं गुपित त्यांना सांगितलंस. त्यांचं मला नाही.”

“त्यांचं मी तुला सांगितलं असतं, तर तू त्यांचं तोंडही पाहिलं नसतंस. मला त्यांच्याच तोंडून हवं होतं ते.” ती थांबली. “तुझं गुपित मात्र मी मोडलं. त्याबद्दल तू राग धर. माझी तक्रार नाही.”

त्याने बुटाने बर्फाचं एक ढेकूळ फोडलं. मग फाटकातून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी पोर्टलमध्ये नाव आलं — एफ्राईन साल्दिवार, वेल्डन स्टेट. शेल्बीने ते फोनवर पाहिलं, फोन उपडा ठेवला आणि त्या दिवशी तिने गरज नसताना सगळ्या रोपांच्या कुंड्या बदलल्या.

चार दिवसांनी टेक्ससवाल्यांचं पक्कं झालं. त्या दुपारी काचघराचं दार वाजलं.

“राग धरून बघितला,” एफ्राईन दारातूनच म्हणाला. “मला जमत नाही. भूक लागते.”

“आत ये. थंडी येतेय.”

तो आत आला, पण बसला नाही. “उद्या निघतोय. तुझ्या वडिलांनी आईला फोन केला. पाऊण तास बोलत होते. ती म्हणाली, बिचाऱ्याला जेवायला बोलाव!” तो हसला, पुन्हा गंभीर झाला. “तू त्यांच्याबरोबर जाणार कॅरोलायनाला?”

“नाही. डॅडला सांगितलं. सात शाळा बदलल्या मी, एकदाही मला कुणी विचारलं नाही. हे कॉलेज मी स्वतः निवडलंय. पदवी इथूनच घेणार.”

“मग मी जातोय आणि तू थांबतेस.”

“हो.”

“हे उलट व्हायला हवं होतं. मुली शहरात जातात, मुलं गावात रडत बसतात.”

“रडायचं असेल तर बाकडं मोकळं आहे.”

पण तिलाच हुंदका आला. तिने मातीच्या हाताने डोळे पुसले आणि गालभर माती झाली. या वेळी त्याचं बोट अर्ध्या वाटेत थांबलं नाही. अंगठ्याने त्याने तिचा गाल पुसला, सावकाश, जपून. एवढा मोठा हात आणि इतका हलका...

“त्या दिवशी तू ‘थांब’ का म्हणाली नाहीस, ते कळलं आता,” तो म्हणाला. “आज म्हणणार?”

“आजही नाही. तू जा.” तिने त्याचा हात धरून ठेवला. “पण मला तू आवडतोस, एफ्राईन. फार. हे त्या दिवशीही खरं होतं. सांगता येत नव्हतं, एवढंच.”

“‘बरा आहेस’ की ‘आवडतोस’?”

“मनात तर याहूनही जास्त म्हणतेय.”

तो वाकला, ती टाचा उंचावून उभी राहिली. काचेवर बाहेरून बर्फ आपटत होता, आत संत्र्याच्या पानांचा वास होता, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणीही बोललं नाही.

वसंत ऋतू फोनवर गेला. उन्हाळ्यात तो एकदा आला, ती एकदा गेली. भांडणंही झाली, फोन न उचलण्यावरून दोन, आणि एक उगीचच. सप्टेंबरात टेक्ससला पहिला सामना होता. शेल्बी विमानाने गेली आणि हजारो माणसांच्या गर्दीतून वाट काढत आपल्या जागेवर पोचली. शेजारच्या जागेवर एक बुटकी बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून, ताठ बसली होती. उन्हाळ्यात शेल्बी गेली तेव्हा ती वखारीत दुहेरी पाळीत अडकली होती. भेट राहूनच गेली होती.

“तू शेल्बी,” एफ्राईनची आई म्हणाली. “तमाले आवडले होते?”

“पान खाल्लं नाही,” शेल्बी म्हणाली, आणि दोघी हसल्या. आईचेही डोळे पार मिटून गेले.

एफ्राईन नवा, सामन्याचे पहिले तीन डाव तो बाकावरच बसून होता. चौथ्या, शेवटच्या डावात, सामना जवळजवळ जिंकल्यावर, तिथल्या कोचने त्याला आत पाठवलं. आई ताडकन उठून उभी राहिली. खेळ सुरू झाला आणि सगळे एकमेकांवर आदळले.

“चेंडू कुठेय? मला दिसत नाही!” तिने शेल्बीचा दंड पकडला.

“चेंडूकडे बघू नका,” शेल्बी म्हणाली. “त्याच्या हातात तो कधीच येत नाही. बहात्तर नंबरकडे बघा. समोरचा कसा मागे मागे जातोय, बघा.”

आईने पाहिलं. बहात्तर नंबर समोरच्या धिप्पाड गड्याला एकेक पाऊल मागे रेटत होता, आणि त्याच्या पाठीमागे चेंडूवाला निवांत उभा होता. तिने पदर नसलेल्या बाया पुसतात तसे मनगटाने डोळे पुसले आणि सामना संपेपर्यंत ती खाली बसली नाही. तिच्या मागच्या रांगेतला माणूस दोनदा “बाई, बसा” म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

सामना संपल्यावर एफ्राईन धावत कठड्यापाशी आला. घामाने निथळत होता, हेल्मेट काखेत. आईने कठड्यावरून ओणवून त्याचं डोकं छातीशी धरलं. मग सोडलं, शेल्बीकडे बोट दाखवलं आणि आजूबाजूच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“फोनवर नुसतं ‘मैत्रीण, मैत्रीण’ करतोस. ही मैत्रीण म्हणजे नक्की कसली मैत्रीण?”

तीन रांगा वळून बघू लागल्या. ज्याने आत्ताच त्या राक्षसासारख्या गड्याला हटवलं होतं, त्याचे कान लालबुंद झाले. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा शेल्बीकडे पाहिलं... आणि हेल्मेट परत डोक्यात घातलं.

“उत्तर दे,” शेल्बी म्हणाली. “मी पण ऐकायला थांबलेय.”

जाळीआडून आवाज आला. “सून म्हणालो तर घाई होईल, आई. पण तयारीला लाग.”